सुई उचलणारा हात



न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमालेची प्रथा सुरू केली, तेव्हापासून या व्यासपीठावर राष्ट्राचे, धर्माचे आणि अर्थकारणाचे मोठमोठे प्रश्न येऊन गेले. मी आज मोहरीच्या दाण्याहूनही लहान अशा एका वस्तूविषयी बोलणार आहे. रेकॉर्ड वाजविणारी सुई ती हीच. ती मरते कशी आणि तिला वाचविता कसे येते, एवढाच माझा विषय.

हा विषय मला आलापल्लीतच भेटला. १९८४ च्या पावसाळ्यात मी सुट्टीला काकांकडे इथे राहत होतो. गडचिरोली जिल्हा होऊन दोनच वर्षे झाली होती. काकांना गाण्याचा भारी नाद. रात्रीची जेवणे झाली, की भीमसेन जोशी किंवा कुमार गंधर्व यांची लाँग प्ले तबकडी लागायची आणि आरामखुर्चीत काकांचे डोळे मिटायचे. एका रात्री गाणे ऐन रंगात आले असताना वीज गेली. तबकडी जागच्या जागी थांबली, सुई तिच्यावर तशीच टेकलेली. काकांना झोप लागली. दोनच्या सुमारास वीज आली, यंत्राचा खटका चालूच होता, तेव्हा राहिलेले गाणे वाजून संपले आणि मग सुरू झाले ते टक्... टक्... टक्. काकू पहाटे म्हणाली, "रात्रभर रातवा बोलत होता हो!" तो रातवा आमच्या माजघरात होता.

हा आवाज कसला, ते सांगतो. तबकडीवरचे गाणे म्हणजे बाहेरून आत जाणारी एकच लांबलचक नागमोडी खाच. गाणे संपले, की ती खाच झपाट्याने आत शिरते आणि शेवटी स्वतःलाच मिळून एक बंद वर्तुळ होते. सुई त्या वर्तुळात फिरत राहते आणि दर फेऱ्याला सांध्यावर टक् असे वाजते. लाँग प्ले मिनिटाला तेहेतीस पूर्णांक एक तृतीयांश फेरे घेते, म्हणजे १.८ सेकंदांना एक टक्. तासाला २,००० फेरे, आणि दोनपासून सहापर्यंत सुमारे ८,०००. त्या वर्तुळाचा परीघ साधारण ३३ सेंटिमीटर. काका घोरत असताना सुई अडीच किलोमीटरांहून अधिक चालून गेली होती!

आता आपण म्हणाल, एका रात्रीने असे काय बिघडते? खरे आहे. हिऱ्याची सुई चांगली कित्येक शे तास टिकते. तिला एका रात्रीने फारसे होत नाही. पण काकांच्या यंत्राला होती कृत्रिम नीलमण्याची, जिला आपण सफायर म्हणतो. तिचे आयुष्य चाळीस-पन्नास तासांचे. चार तास म्हणजे त्यातला दहावा हिस्सा, तोही एक सूर न ऐकता. आणि असल्या रात्री त्या पावसाळ्यात काही एकच झाली नाही.

खरा घात मात्र निराळाच असतो. टकटकीने काकांना जाग आली. अंधारात, अर्धवट झोपेत त्यांनी दांडीला हात घातला. बोट निसटले आणि सुई आडवी खरडत गेली. तिचा टवका उडाला. तो डोळ्यांना दिसत नाही, कारण सुईच्या टोकाची गोलाई मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्शात मोजावी लागते. पुढचा महिनाभर काका त्याच सुईने आपल्या लाडक्या तबकड्या ऐकत राहिले. दांडीचा भार ग्रॅमांत असतो हे खरे. पण तो इतक्या सूक्ष्म जागेवर पडतो, की दर चौरस सेंटिमीटरचा दाब काढू गेल्यास तो टनांत भरतो. त्या दाबाखाली तुटका दगड खाचेच्या भिंती तासून काढतो. आधी तंबोऱ्याची झार गेली, मग झांजांचा तजेला, मग सगळेच फाटके. नवी सुई नागपूरहून आली, पण सात तबकड्या परत आल्या नाहीत. सुई विकत मिळते. तासलेली खाच भरून कशी काढणार?

गंमत अशी, की आमच्या आजोबांच्या चावीच्या ग्रामोफोनला हे दुखणे नव्हते. त्यावरची लाखेची तबकडी तीनएक मिनिटांत संपे; ऐकणाऱ्याला डुलकी घ्यायला सवडच नसे. शिवाय पोलादी सुई दर बाजूला बदलायची हा दंडक होता आणि कुणी झोपलेच, तर स्प्रिंग उलगडून यंत्र आपोआप थांबे. लाँग प्लेने वीस-पंचवीस मिनिटांचे सलग गाणे दिले, विजेने अखंड चाल दिली, आणि त्या दोघींनी मिळून जुना पहारेकरी घरी पाठविला.

त्याच्या जागी नवा ठेवण्याचे दोन मार्ग निघाले. पहिला, पूर्ण स्वयंचलित यंत्राचा. गाणे चालू असता दांडी दर फेऱ्याला मिलिमीटरचा आठवा-दहावा हिस्सा आत सरकते. शेवटच्या खाचेत एकदम कित्येक पट वेगाने. अशी पुष्कळ यंत्रे हा वाढलेला वेग ओळखून दांडी उचलतात. दुसरा मार्ग साध्या, हाताने चालवायच्या यंत्रासाठी. जपानच्या ऑडिओ-टेक्निका कंपनीने, जी १९६२ साली निघाली, १९७० च्या दशकात बोटाएवढी एक खुंटी काढली. ती तबकडीशेजारी, दांडीच्या खाली उभी करायची. गाणे संपून दांडी आत आली, की ती एका हलक्या काडीला टेकते, आतली दाबलेली स्प्रिंग सुटते आणि खुंटीचे डोके दांडीला अलगद वर उचलते. तिला वीज लागत नाही. रात्री दोनला वीज आली काय नि चारला आली काय, तिचा पहारा चालूच. तबकडी मात्र खाली फिरत राहते. फिरू द्यावी, सुई अधांतरी आहे.

अलगद या शब्दात सारी करामत आहे. मी घरी नुसत्या स्प्रिंगवर अशी खुंटी करून पाहिली. दांडी बेडकासारखी उसळली आणि सुई पुन्हा तबकडीवर आदळली! म्हणून आत दाट तेल हवे, दार हळू लावणाऱ्या यंत्रात असते तसे.

खुंटी बसविण्याचे कामही नाजूक. लाँग प्लेच्या प्रमाणाप्रमाणे गाणे मध्यापासून सुमारे ६० मिलिमीटरपर्यंत आत येऊ शकते, आणि ते बंद वर्तुळ ५३ मिलिमीटरवर असते. म्हणजे आपल्या हाती उणीपुरी सात मिलिमीटर जागा. वेगाने चालणाऱ्या यंत्राला गाणे संपल्याचे कळते. खुंटीला फक्त जागा कळते. ती बाहेर बसली, तर भैरवीची शेवटची तिहाई समेवर येण्याआधीच दांडी वर! फार आत बसली, तर ती सुटणारच नाही. आणि भावगीतांच्या सात इंची, पंचेचाळीस फेऱ्यांच्या तबकड्यांवर गाणे ५४ मिलिमीटरपर्यंत आत जाते. लाँग प्लेला बरोबर बसविलेली खुंटी तिथे शेवटचे कडवे खाऊन टाकील. तेव्हा लहान तबकडी लावताना खुंटी बाजूला घ्यावी आणि जागे राहावे. काडी दांडीला किती जोराने अडते तेही पाहावे. फार हलक्या दांडीला तो अडथळा बाधतो.

काही रसिक मला म्हणतात, ज्याला गाणे संपल्याचे कळत नाही, त्याने ऐकूच नये. हे मला पटत नाही. दिवसभर जंगल तुडवून आलेल्या माणसाला यमन ऐकता ऐकता झोप लागली, तर तो यमनचा अपमान नव्हे. उलट, आज ज्यांनी वडिलांच्या तबकड्या माळ्यावरून खाली काढल्या आहेत, त्यांच्यापाशी त्या तबकडीची दुसरी प्रत बहुधा नाही, आणि आलापल्लीच्या बाजारात सुईही मिळत नाही.

काकांचे यंत्र मी सोबत आणले आहे. आता त्याला हिऱ्याची सुई आहे आणि शेजारी खुंटी. त्या सात तबकड्यांतलीच एक लावतो; आवाज फाटका येईल, तो ऐकून घ्यावा. बाजूची शेवटची पाच मिनिटेच वाजवीन. गाणे संपल्यावर कृपा करून कुणी उठू नये, आणि मीही उठणार नाही.