फादर बाखर आणि पाणलोट

स्वित्झर्लंडहून आलेले येशूसंघीय धर्मगुरू फादर हर्मन बाखर यांनी अहमदनगरच्या दुष्काळी गावांत पाणलोट विकासाचे मोलाचे काम उभे केले. १९९३मध्ये सहकारी क्रिस्पिनो लोबो यांच्यासह त्यांनी ‘वॉटरशेड ऑर्गनायझेशन ट्रस्ट’ स्थापन केला. काम माथ्याकडून पायथ्याकडे चाले. उतारावर सलग समतल चर खणायचे, निघालेली माती खालच्या अंगाला रचून तिच्यावर रोपे लावायची, मग ओघळीत दगडी बांध. संगमनेर तालुक्यातल्या दरेवाडीने श्रमदानाबरोबर चराईबंदीही पाळली. शेळ्यामेंढ्यांवर जगणाऱ्या घरांना ती सोपी नव्हती. पुढे विहिरींत पाणी टिकू लागले. पाणी अडवण्याची गरज फक्त दुष्काळी भागालाच असते असे नाही. कोकणात रत्नागिरीत वर्षाला ३००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडूनही जांभ्याच्या सड्यावरून तो समुद्राला मिळतो आणि मे महिन्यात वाड्यांवर टँकर येतात. म्हणून पावसाळा सरताच इथे रिकाम्या पोत्यांत माती भरून वहाळांवर वनराई बंधारे घालतात.