थायरॉईडच्या शस्त्रक्रियेनंतर कॅल्शियमची काळजी



पालघर आणि बोईसर-तारापूर परिसरातील अनेक रुग्ण थायरॉईडच्या शस्त्रक्रियेसाठी मुंबईस जातात. शस्त्रक्रिया सुखरूप होते, एक-दोन दिवसांत घरी जाण्याची परवानगी मिळते आणि डहाणू लोकलने रुग्ण परततो. घरची मंडळी निर्धास्त होतात. परंतु रक्तातील कॅल्शियम बहुधा दुसऱ्या ते चौथ्या दिवशी सर्वांत खाली येते. रुग्ण तेव्हा शस्त्रक्रियेच्या रुग्णालयापासून दूर, आपल्या गावी किंवा पाड्यावर असतो. म्हणून हा विषय आम्ही आज आपणापुढे मांडत आहोत.

थायरॉईडच्या मागील बाजूस साधारणतः चार पॅराथायरॉईड ग्रंथी असतात. प्रत्येक जेमतेम तांदळाच्या दाण्याएवढी. मानवी शरीरातील या ग्रंथींचे वर्णन स्वीडनच्या ईवार सँडस्ट्रॉम यांनी १८८० साली प्रसिद्ध केले. रक्तातील कॅल्शियम दर १०० मिलिलिटरला सुमारे ८.५ ते १०.५ मिलिग्रॅम राखणे हे त्यांचे कार्य. संपूर्ण थायरॉईड काढताना कितीही जपले तरी त्यांचा नाजूक रक्तपुरवठा दुखावू शकतो व त्या काही काळ मंदावतात. अर्धीच ग्रंथी काढल्यास हा त्रास क्वचितच होतो.

पहिली खूण म्हणजे ओठांभोवती, बोटांच्या टोकांना व तळपायांना मुंग्या येणे. पुढे पोटऱ्यांत गोळे येतात, हाताची बोटे आखडून जुळतात. कॅल्शियम फारच उतरले तर घसा आवळतो, झटके येतात, हृदयाची लय बिघडते. सुरुवातीच्या मुंग्यांना ‘अशक्तपणा’ समजून सकाळपर्यंत थांबू नये, एवढी आमची कळकळीची विनंती आहे.

मुंग्या येताच डिस्चार्ज कार्डावर सांगितलेली कॅल्शियमची मात्रा घ्यावी, शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांना कळवावे व रक्त तपासून घ्यावे. हातपाय आखडल्यास किंवा श्वास अडल्यास १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. शिरेतून कॅल्शियम सावकाश, हृदयाच्या आलेखावर लक्ष ठेवूनच द्यावे लागते. त्यासाठी रुग्णालयच हवे.

थायरॉक्सिनची गोळी सकाळी उपाशीपोटी घ्यावी आणि कॅल्शियमची गोळी त्यानंतर किमान चार तासांनी. दोन्ही एकत्र घेतल्यास थायरॉक्सिन नीट शोषले जात नाही. नाचणीची भाकरी, दूध, काट्यासकट खाल्लेली सुकी मासळी हा उत्तम आहार खरा. परंतु या दिवसांत तो गोळ्यांची जागा घेऊ शकत नाही. बरे वाटले म्हणून गोळ्या परस्पर बंदही करू नयेत. त्या टप्प्याटप्प्याने, रक्ततपासणी पाहून कमी करावयाच्या असतात.

बहुसंख्य रुग्णांच्या ग्रंथी काही आठवड्यांत वा महिन्यांत पूर्ववत होतात. थोड्यांना मात्र औषध कायमचे लागते, आणि तेही नियमित घेतल्यास नेहमीचे आयुष्य जगतात. कारखान्यात पाळीवर जाणाऱ्यांनी पहिला आठवडा तरी रुग्णाजवळ रात्री कोणी ना कोणी राहील अशी व्यवस्था करावी आणि डिस्चार्ज कार्ड हाताशी ठेवावे.