निवडीचे शिक्षण



पोर्तुगालमध्ये १९१० साली प्रजासत्ताक आले आणि गोमंतकातील मराठी समाजाला काहीसा मोकळा श्वास घेता आला. शाळा आणि ग्रंथालये उभारण्याची उमेद त्या काळात वाढीस लागली. तेव्हाचा प्रश्न ग्रंथ मिळवण्याचा होता. आज पेडणे-डिचोलीतील हायस्कूलच्या विद्यार्थ्यासमोरचा प्रश्न नेमका उलटा आहे. मजकूर अमाप आहे. त्यातले ग्राह्य काय, हे त्याला कोणी सांगत नाही.

यंत्रे गोव्यात तशी लवकर आली. देशविदेशांतील गोमंतकीयांनी १९९६ पासून शाळांना संगणक मिळवून देण्याचा उपक्रम चालवला. पुढे शासनाने ‘सायबरएज’ योजनेतून विद्यार्थ्यांच्या घरी संगणक पोहोचवले. अलीकडे सहावी ते आठवीच्या वर्गांत कोडिंग आणि रोबोटिक्स आले. मार्च २०२० नंतरच्या टाळेबंदीत तर फोन हाच वर्ग झाला आणि ‘रेंज’ मिळावी म्हणून मुले डोंगर चढली. यंत्र हाती आले; विवेक मात्र यंत्राबरोबर मिळत नाही.

हा विवेक शिकवता येतो. मराठी विश्वकोशातील एखादी नोंद आणि मराठी विकिपीडियावरील त्याच विषयाची नोंद विद्यार्थ्यासमोर ठेवावी. विश्वकोशात नोंदीखाली लेखकाचे नाव असते. २००३ साली सुरू झालेल्या मराठी विकिपीडियात कोणीही भर घालू शकतो. परंतु प्रत्येक बदलाचा इतिहास तेथे पाहता येतो. दोहोंतील फरक शोधताना, हे कोणी लिहिले, केव्हा लिहिले, आधार कोणता, हे तीन प्रश्न विचारण्याची सवय मुलाला लागते. भ्रमणध्वनीवर आलेल्या प्रत्येक संदेशाला तेच प्रश्न लागू पडतात.

याची निकड घराघरांत आहे. २०१२ साली खाणी बंद पडल्या, तेव्हा डिचोलीतील अनेक कुटुंबांची मिळकत आटली. पेडण्यात मोपाचा विमानतळ झाला आणि नोकरीची आशा जागी झाली. अशा आशेवरच ठक टपलेले असतात. ‘नोकरी पक्की, आधी नोंदणीचे पैसे भरा,’ असा संदेश आला की घरातले वडीलधारे दहावीतल्या मुलाकडे पाहतात. पैसे घेण्यासाठी यूपीआयचा पिन कधीच लागत नाही, तो पैसे देतानाच लागतो. ओटीपी कोणालाही सांगायचा नसतो. फसवणूक झालीच तर तत्काळ १९३० या क्रमांकावर कळवायचे असते. एवढे त्या मुलाला ठाऊक असले, तरी एका घराची पुंजी वाचू शकते.

दुसरी बाब लिपीची. प्राथमिक शाळेत देवनागरी गिरवलेले मूल पुढे इंग्रजी माध्यमात जाते आणि फोनवर मराठीही रोमन अक्षरांत लिहू लागते. वास्तविक इन्स्क्रिप्ट कळफलकाची रचना सुबोध आहे: स्वर डाव्या हाताला, व्यंजने बहुतांशी उजव्या हाताला. थोड्या सरावाने बोटे वळतात आणि देवनागरी हातात राहते.

हे सारे शाळेने एकटीने का पेलावे? ग्रंथालयाचे खरे कार्य केवळ पुस्तके जमवणे हे कधीच नव्हते. छापलेले प्रत्येक पुस्तक कपाटात आले नाही. जाणत्या मंडळींनी ते पारखून घेतले. आंतरजालाला अशी ग्रंथनिवड समिती नाही. तेथे प्रत्येक वाचकालाच स्वतःची समिती व्हावे लागते. आठवड्यातून एक दुपार, वाचनकक्षातले एक टेबल, एक संगणक आणि शेजारी उघडलेला कोश, एवढ्या सामग्रीवर ही शिकवण सुरू होऊ शकते. ती सुरू झाली, तर ग्रंथालयाच्या दुसऱ्या शतकाचा आरंभ पहिल्या शतकाला साजेसा ठरेल.