‘इट’ कोठें बसावें?

भोकरदन तालुक्यांतील केदारखेड्याचें मूल घरीं ‘टोपी काढ’ म्हणतें, तसेंच ‘ती काढ’ म्हणतें. नाम जाऊन सर्वनाम आलें, तरी जागा तीच. म्हणून ‘टेक ऑफ द कॅप’ शिकल्यावर तें बिनदिक्कत ‘टेक ऑफ इट’ लिहितें, आणि हकनाक गुण गमावतें! ‘कॅप’ शेवटीं चालते, मध्येंही चालते. ‘इट’नें मात्र मध्येंच बसावें: ‘टेक इट ऑफ’.

मग ‘लुक आफ्टर इट’ शुद्ध कसें? येथें ‘आफ्टर’ हें आपल्या शब्दयोगी अव्ययाप्रमाणें सर्वनामाशीं जोडलेलें आहे; आपलें अव्यय शब्दानंतर येतें, इंग्रजांचें आधीं, इतकाच भेद. उलट ‘ऑफ’चें नातें क्रियापदाशीं आहे. हें कानालाही कळतें. ‘टेक इट ऑफ’ म्हणतांना आघात ‘ऑफ’वर पडतो.

महाराष्ट्रांत २००० सालापासून इंग्रजी पहिलीपासून शिकविलें जातें. त्या वयांत नुसत्या अर्थांच्या याद्या घोकविणें व्यर्थ होय. शिक्षकानें टोपी, चपला, सदरा दाखवून पूर्ण वाक्य मोठ्यानें म्हणवून घ्यावें. एकदां नाम घालून, लगेच सर्वनाम घालून.