परिचारिकेची पाठ



आम्ही आपल्याच ज्ञातीतील, रुग्णालयांत परिचारिकेचे काम करणाऱ्या भगिनी. दुसऱ्याच्या वेदना हलक्या करताना आमची पाठ, मान व खांदे धरतात. पण ते बोलून दाखविणे आम्हांस कमीपणाचे वाटत आले. हा दोष नाजूकपणाचा नव्हे. वाकून, कंबर पिळून रुग्णास उचलताना मणक्यांवर फार ताण पडतो. अमेरिकेत थॉमस वॉटर्स यांनी २००७ साली रुग्ण हातांनी उचलण्याची मर्यादा सुमारे १६ किलो सांगितली. प्रौढ माणूस तर त्याच्या तिप्पट-चौपट भरतो! म्हणून खाट कमरेइतकी उंच करावी, रुग्णास उचलण्याऐवजी निसरड्या चादरीवरून दोघींनी सरकवावे. आपला आप्त खाटेवर असता परिचारिकेने साहाय्य मागविले, तर क्षणभर थांबावे. आणि कामावरून परतलेल्या सुनेच्या कमरेवर घरातील हंडा-कळशी देऊ नये, एवढीच आमची नम्र विनंती.