ही अंबाडी नव्हे, माय



रात्रीचं जेवण आटोपलं असेल, भांडी पडली असतील. घासता घासता ऐका, पण आज आवाज जरा मोठा ठेवा. घरात पोरगा असेल तर त्यालाही ऐकू द्या.

गटाच्या बैठकीत आपण हप्ता, व्याज, शेळी, शिलाई मशीन या विषयांवर बोलतो. आजचा विषय मात्र बैठकीत कोणी काढत नाही. कारण तो घराच्या बंद खोलीतला आहे. घरातल्या घरात, कुंडीत गांजाचं झाड लावणं. तुम्ही म्हणाल, आमच्या गावात कुठलं आलं असलं? आम्हीही असंच म्हणत होतो.

गोष्ट आमच्याच गटातल्या एका बाईची. तिला विचारून सांगतो आहोत. नाव आणि गाव सांगणार नाही. तुम्हीही ओळखायचा प्रयत्न करू नका.

दिवाळीला तिचा पोरगा शहरातून घरी आला. वीस वर्षांचा, कॉलेजात शिकणारा. मागची धान्याची खोली त्यानं रिकामी करून घेतली. अभ्यास करतो म्हणाला. खिडकीला आतून चकाकणारा कागद लावला, कुरिअरनं जांभळ्या उजेडाचा दिवा मागवला. आईनं विचारलं तर म्हणाला, आजकाल घरात भाजीपाला लावतात, मोबाईलवर सगळं दाखवतात. आईला उलट कौतुक वाटलं.

मग एक दिवस झाडझूड करताना तिला ताटलीत ओलं फडकं दिसलं. त्यात बी भिजत घातलेलं. तिनं विचारलं, "काय व्हय रे हे?" तो म्हणाला, "अंबाडी व्हय, माय."

आता बायांनो, अंबाडीचं बी आपल्याला कोण शिकवणार? तुरीच्या, पऱ्हाटीच्या कडेनं आपणच ती टाकतो, पावसाळाभर भाजी खातो, बोंडं वाळवतो. अंबाडीचं बी करडं, कोनेदार. हे बी वाटोळं, गुळगुळीत, वर बारीक चट्टे असलेलं. आणि दिवाळी झाल्यावर अंबाडी पेरतो कोण? ती काही बोलली नाही. चार दाणे पदराला बांधून आमच्याकडे आली. म्हणाली, "हे अंबाडी नोहे वो बाई. पोट्टा खोटं बोलून राहिला."

आमच्यातल्या एकीचा भाऊ शेतीचं शिकलेला. त्यानं बी पाहिलं आणि सांगितलं, हे गांजाचं.

त्या रात्री आम्ही चौघी तिच्या अंगणात बसलो. पोराला मारलं नाही, आरडाओरडा केला नाही. शेजारच्या घरापर्यंत आवाज जाऊ दिला नाही. फक्त विचारलं, काय करणार होतास? आधी उडवाउडवी केली. मग बोलला. शहरात मित्रांबरोबर ओढायला लागला होता. पैसे पुरेनात. मोबाईलवर पाहिलं की परदेशात लोक घरात झाड लावतात, कोणी काही म्हणत नाही. त्याला वाटलं, घरच्या घरी दोन झाडं लावली तर कोणाला कळतं? "आता कायदा सैल झाला," असंही म्हणाला.

त्याचं सगळंच खोटं नव्हतं, म्हणून नीट समजून घेऊ. कॅनडात 2018 पासून बहुतेक ठिकाणी एका घरात चार झाडांपर्यंत लावता येतात. जर्मनीत 2024 पासून मोठ्या माणसाला तीन झाडं चालतात. मोबाईलवर दिसतं ते तिकडचं. आपल्याकडे उत्तराखंडात भांगेच्या जातीची शेती सुरू झाली, तीही खरी. पण ती धाग्यासाठी आणि बियांसाठी. ज्यात नशेचा अंश जवळजवळ नाही अशी जात, आणि तीसुद्धा सरकारी परवान्यानं. कोणी उठून खोलीत कुंडी ठेवावी, अशी सूट भारतात नाही. व्हिडिओ जर्मनीचा असला तरी पोलीस ठाणं आपल्या तालुक्याचं आहे.

आपल्या म्हाताऱ्या आज्ज्या म्हणतील, पूर्वी तर गांजा दुकानात मिळत होता. तेही खरं. इंग्रजांच्या काळात आपला वर्धा जिल्हा मध्य प्रांतात होता. खंडव्याकडे परवान्यावर गांजा पिकवत, परवान्याच्या दुकानात विकत आणि सरकार त्यावर कर घेई. पण तो काळ गेला. 1985 साली सगळ्या देशाला एक कडक कायदा आला. त्याला लोक एनडीपीएस कायदा म्हणतात. त्या वर्षीच्या 14 नोव्हेंबरपासून तो लागू आहे.

त्यात काय आहे, ते सोपं करून सांगतो.

कलम 8 म्हणतं, गांजाचं कोणतंही झाड लावायचं नाही. शेतात नाही, परसात नाही, खोलीत नाही. दहा झाडं असली तर गुन्हा आणि एक असलं तर माफ, असं नाही. एक झाडही लावणंच. "मी फक्त पानांसाठी लावलं, महाशिवरात्रीच्या भांगेसाठी लावलं," हेही चालत नाही. शिक्षा कलम 20 मध्ये आहे. दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड.

आता आपल्याशी संबंध असलेलं कलम. कलम 25. घर, खोली किंवा जागा ज्याच्या मालकीची किंवा ताब्यात आहे, त्यानं माहीत असून तिथे असा गुन्हा होऊ दिला, तर करणाऱ्याला जी शिक्षा, तीच त्यालाही. इथे आम्ही सगळ्या गप्प झालो. का, सांगतो. ग्रामपंचायतीच्या नमुना आठवर नवऱ्याबरोबर बाईचंही नाव लागावं म्हणून आपण किती खेटे घातले! ग्रामसभेत हात वर केले, अर्ज दिले. आता कितीतरी घरं दोघांच्या नावानं आहेत. चांगलंच झालं. पण नाव लागलं म्हणजे घर आपलं झालं, आणि घर आपलं झालं म्हणजे त्यातली मागची खोलीही आपली झाली. "पोरगा कुलूप लावतो, मला काय माहीत," हे म्हणणं कोर्टात सोपं जात नाही. कायद्यात "माहीत असून" हा शब्द आहे खरा. पण मला माहीत नव्हतं, हे पटवायचं ओझं बरंचसं आपल्यावरच येऊन पडतं.

शेताचंही तसंच. कलम 46 प्रमाणे आपल्या जमिनीत कोणी गांजा लावलेला दिसला, तर जमीनधारकानं लगेच पोलिसांना कळवायचं असतं. शेत ठेक्यानं दिलं असेल तर वर्षातून दोनदा तरी स्वतः फेरी मारा. तुरीच्या मधल्या ओळीत काय उभं आहे, ते पाहा. आणि आपल्यातल्या ज्या सरपंच आहेत, पंच आहेत, त्यांनी हे खास ऐका. कलम 47 प्रमाणे गावात असं झाड दिसलं तर ताबडतोब खबर देणं सरपंचाचं आणि पंचांचं कर्तव्य आहे. आपल्या राज्यात अर्ध्या जागा बायांच्या आहेत. म्हणजे ही जबाबदारीही अर्धी आपली.

पण बायांनो, याचा अर्थ दुसऱ्याच्या परसात डोकावत फिरायचं असा नाही. ज्या बाईशी नळावर भांडण आहे तिच्या घरी पोलीस पाठवायचे, असा तर मुळीच नाही. मुद्दाम खोटी खबर देऊन कोणाच्या घराची झडती घडवली, तर त्यालाही दोन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. आणि आधी झाड तरी ओळखा. अंबाडीचं पान बोटं फुटल्यासारखं असतं, म्हणून दुरून ते गांजासारखं दिसतं. पण अंबाडीला फिकट पिवळं मोठं फूल येतं, मधोमध गडद लाल ठिपका असतो, खोडाला बारीक काटे असतात. गांजाला असं फूल येत नाही, पानाची बोटं देठापासून वेगवेगळी असतात, कडा करवतीसारख्या आणि वास उग्र. झेंडूच्या रोपालाही कोणी फसू नये. शंका असेल तर बोभाटा करण्याआधी कृषी सहायकाला दाखवा.

कधी घरावर झडती आलीच, तर घाबरून पळू नका. बाईची अंगझडती बाईनंच घ्यायची असते, हे कायद्यातच लिहिलं आहे. अंगझडती राजपत्रित अधिकाऱ्यासमोर किंवा न्यायदंडाधिकाऱ्यासमोर घ्या, असं म्हणायचा आपल्याला हक्क आहे. कोऱ्या कागदावर सही किंवा अंगठा देऊ नका. पंचनामा वाचून घ्या, वाचता येत नसेल तर वाचून दाखवा म्हणा. आणि वकील परवडत नाही म्हणून गप्प बसू नका. बाईला सरकारकडून वकील फुकट मिळतो, तिची कमाई कितीही असो. तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती असते. फोन लावायचा तर नंबर 15100. पुन्हा सांगतो, एक पाच एक शून्य शून्य.

आता त्या पोराकडे वळू. कारण झाडाचा प्रश्न एका दिवसात मिटला. त्या रात्री त्यानं स्वतःच्या हातानं ते बी चुलीत टाकलं. कागद काढला, दिवा काढला, खोलीत पुन्हा तुरीची पोती लागली. पण ओढायची सवय चुलीत टाकता येत नाही.

आपल्या जिल्ह्यात अर्धशतकापासून दारूबंदी आहे. हातभट्टी कुठे लागते, हे आपल्याला वासानं कळतं. मडकी फोडलेल्या बाया आपल्यात बसलेल्या आहेत. दारू पिणारा झोकांड्या खातो, शिव्या देतो, म्हणून दिसतो. गांजा ओढणारा पोरगा तसा दिसत नाही. तो शांत असतो, खोलीत असतो. आईला वाटतं, बरं आहे बाई, कोणाच्या अध्यातमध्यात नाही. डोळे लाल, वेळीअवेळी भूक, अभ्यासातून मन उडालेलं, पैशाचा हिशेब लागत नाही, जुने मित्र तुटलेले. एवढ्यावरून लगेच शिक्का मारू नका, पण जवळ बसून विचारा.

"गांजा झाडपाल्याचा, त्यानं काय होतं?" असं पोरं म्हणतात. पंचवीस वर्षांपर्यंत मेंदू पक्का होत असतो. त्या वयात रोज गांजा घेतला तर लक्ष आणि आठवण यांवर परिणाम होतो. काहींना भास होतात, कोणीतरी माझ्या मागे लागलं आहे असं वाटू लागतं. घरात आधी कोणाला मानसिक आजार असेल तर हा धोका आणखी मोठा. ओढणाऱ्या साधारण दहांत एकाला त्याचं व्यसन जडतं. कोवळ्या वयात सुरू केलं तर साधारण सहांत एकाला. आणि हे आपल्याच घरी घडलं, असं समजून कोणी तोंड लपवू नये. सरकारनं 2019 साली देशभराच्या पाहणीचा अहवाल काढला. त्यात वर्षभरात भांग, गांजा, चरस घेतलेले लोक तीन कोटींच्या वर निघाले.

सोडताना पहिला आठवडा जड जातो. झोप येत नाही, चिडचिड होते, जेवण जात नाही. त्या पोराचंही तसंच झालं. आईला वाटलं, बाहेरचं काही लागलं. आम्ही तिला सांगितलं, अंगारा-धुपारा नको, दवाखान्यात चल. मानसोपचाराच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरनं आधी पोराशी एकट्याशी बोलून घेतलं, मग आईला आत बोलावलं. आपल्याकडे सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे, जिल्हा सामान्य रुग्णालयातही विचारता येतं. घरातून निघणं जमत नसेल तर व्यसनमुक्तीचा फुकट फोन आहे, 14446. एक चार चार चार सहा. लिहून घ्या, चुलीमागच्या भिंतीवर लिहिला तरी चालेल.

कायद्यातही एक दार उघडं ठेवलं आहे. व्यसनी माणूस स्वतःहून सरकारी किंवा सरकारमान्य ठिकाणी उपचाराला गेला आणि उपचार पुरे केले, तर ओढल्याच्या किंवा थोडासा गांजा जवळ बाळगल्याच्या खटल्यातून त्याला सूट मिळू शकते. पण झाड लावण्याला ही सूट नाही. म्हणूनच बी ओल्या फडक्यात आहे तोवर पोराला धरायचं. ओढणाऱ्यासाठी दवाखाना आहे, लावणाऱ्यासाठी कोर्ट आहे.

एक बाई आम्हाला म्हणाली, "आणि रोप वर आलेलं सापडलं तर? पोटच्या पोराची खबर मी द्यायची का?" प्रश्न सोपा नाही आणि आम्ही वकील नाही. एवढं सांगतो, गुपचूप दुसऱ्याच्या उकिरड्यात टाकू नका, महिना-दोन महिने झाकून ठेवू नका. त्याच दिवशी 15100 ला फोन लावा, काय करायचं ते वकिलाला विचारा आणि तसं करा. झाकलेला एकेक दिवस "माहीत असून" या शब्दात मोजला जातो.

त्या पोराचं आता बरं चाललं आहे. मध्ये एकदा घसरला, पुन्हा डॉक्टरकडे गेला. कॉलेजला जातो. शनिवारी घरी येतो. आई मागच्या खोलीचं कुलूप लावत नाही, आणि पोरगाही लावत नाही. मागच्या मृगात तिनं धुऱ्यावर अंबाडी टाकली. पहिली भाजी आमच्या गटाला वाटली, ज्वारीच्या कण्या घालून, वरून लसणाची फोडणी.

तर बायांनो, घरावर आपलं नाव आहे. घरातल्या सगळ्या खोल्या उघडून पाहा. काही सापडलं तर पोराला मारू नका आणि एकट्यानं रडत बसू नका. गटात या. कर्जासाठी एकमेकींची हमी आपण घेतोच. ही हमीही घेऊ.

येतो आता. नमस्कार.