विमानातील घड्याळे आणि रेडियम
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी सातवी शिकलेली बाई, भाषणाची सवय नाही. पण चिटणीसबाई म्हणाल्या, “तुम्ही घरी जे करता तेच सांगा.” आमच्या घरी घड्याळे दुरुस्त होतात. मामंजी हे काम करीत, यजमानही तेच करतात. बारीक कामाला माझा हात बरा आहे असे पाहून मामंजींनी मला शेजारी बसवून शिकविले. काही वर्षांपासून यजमानांना लढाऊ विमानांतील जुनी घड्याळे जमविण्याचा नाद लागला आहे. नाद महागाचा आहे, ते असो.

विमानाला घड्याळ कशाला, असे तुम्ही विचाराल. खाली समुद्र नाही तर ढग, ओळखीची खूण एकही नाही. अशा वेळी वेग किती आणि मिनिटे किती झाली, यावरून आपण कोठे आलो याचा हिशेब वैमानिक मांडीत. इंधन किती उरले तेही त्यावरच. म्हणून घड्याळ चावीचे, विमानातील वीज गेली तरी चालणारे. दुसऱ्या महायुद्धातील पुष्कळशी घड्याळे एकदा चावी दिली की आठ दिवस चालत. आपल्या ओझरच्या कारखान्यात मिग-२१ विमाने तयार होत. ती २६ सप्टेंबर २०२५ रोजी हवाई दलातून निवृत्त झाली. त्यांत रशियातील चेल्याबिन्स्क गावचे घड्याळ असे. एकाच तबकडीत तीन घड्याळे: मोठे वेळेचे, वरचे लहान उड्डाणाला किती वेळ झाला ते सांगणारे, खालचे सेकंद मोजणारे. फार उंचावर थंडीने तेल घट्ट होते, म्हणून आतून विजेची ऊब देण्याची सोय. मला त्या सोयीचे फार कौतुक वाटते.

दुरुस्तीत पहिले काम म्हणजे मोठ्या कमानीचा ताण हळूच सोडणे. तो न सोडता चाके मोकळी केली तर गरकन फिरून दाते मोडतात. जुने तेल समईच्या बुडाशी साचलेल्या तेलासारखे चिकट झालेले असते. ते धुऊन काढायचे आणि नवे तेल सुईच्या टोकावर मावेल इतकेच द्यायचे. घड्याळ एकाएकी फार पुढे जाऊ लागले तर बहुधा आतल्या केसाएवढ्या कमानीत लोहचुंबकाचा गुण उतरलेला असतो. तिचे वेढे एकमेकांना चिकटतात. तो गुण काढला की झाले.

आता ज्यासाठी मी उभी राहिले ते सांगते. रात्री दिवा न लावता काटे दिसावेत म्हणून या जुन्या घड्याळांच्या आकड्यांवर रेडियमचा रंग देत. अमेरिकेत न्यू जर्सी प्रांतातील ऑरेंज गावी १९१७ सालापासून हे काम तरुण मुली करीत. सैनिकांची घड्याळे आणि विमानांच्या तबकड्या त्या रंगवीत. कुंचल्याला टोक यावे म्हणून तो ओठांत धरावा असे त्यांना शिकविले होते आणि रंग निरुपद्रवी आहे असे सांगितले होते. रेडियम पोटात गेले की चुन्यासारखे हाडांत जाऊन बसते. मुलींचे दात पडले, जबड्याची हाडे सडली, कित्येक दगावल्या. ग्रेस फ्रायर नावाच्या मुलीला खटल्यासाठी वकील मिळायलाच दोन वर्षे लागली. शेवटी १९२७ मध्ये ती आणि आणखी चार जणी कोर्टात उभ्या राहिल्या. १९२८ मध्ये तडजोड होऊन प्रत्येकीला दहा हजार डॉलर आणि वर्षाला सहाशे डॉलर ठरले. ग्रेस १९३३ मध्ये वारली.

आपण रिक्षाच्या मागे चमकणाऱ्या चिकटपट्टीला रेडियम म्हणतो. तिच्यात रेडियमचा कणही नसतो, भिऊ नका. उलट विमानातले जुने घड्याळ अंधारात आता मुळीच चमकत नाही, म्हणून लोक त्याला निर्धोक समजतात. चमकणारे द्रव्य काही वर्षांत थकते, रेडियम मात्र निम्मे व्हायलाच सुमारे सोळाशे वर्षे लागतात. रंग वाळून त्याची भुकटी होते, आणि काच काढली की ती बोटांवर, टेबलावर, श्वासात येते.

गेल्या वर्षी एक गृहस्थ असेच घड्याळ घेऊन आले. तबकडी मूळचीच हवी, कारण रंगविलेल्या तबकडीला शौकीन किंमत देत नाहीत. काटे तेवढे खरवडून स्वच्छ करा, दुप्पट मजुरी देतो, म्हणाले. यजमान तयार होते. मी नको म्हटले. आमचे टेबल स्वयंपाकघराला लागून आहे आणि नातू तिथेच रांगतो. दोन दिवस घरात अबोला होता. तिसऱ्या दिवशी यजमानांनी किरण मोजण्याचे यंत्र मागविले. आता घड्याळ आले की आधी यंत्र समोर धरायचे. ते कडकडू लागले तर घड्याळ न उघडता परत.

तुमच्यापैकी कोणाकडे वडीलधाऱ्यांचे असे घड्याळ असेल, तर काच शाबूत असेपर्यंत ते वावरत्या खोलीपासून दूर ठेवा. मुलांच्या हाती देऊ नका, अशी अनेक घड्याळे बंद कपाटात कोंडू नका, कारण रेडियममधून एक घातक वायू निघत असतो. आणि कचऱ्यात किंवा भंगारात तर मुळीच टाकू नका. मुंबईस अणुशक्तिनगरात अणुऊर्जा नियामक मंडळ आहे, तेथे विचारावे.

मागच्या टेबलावर मी दोन घड्याळे मांडली आहेत. दोन्ही यंत्रावर तपासलेली आहेत. चहा घेता घेता चावी देऊन पाहा, पण हलक्या हाताने.